फाइल नंबर एकोणसाठ

प्रिय आत्या,

...आणि तेवढ्यात फोन कट झाला, म्हणून उरलेलं लिहून कळवतेय. साष्टांग नमस्कार (पूर्ण लिहिलाय; सा. न. वि. वि. लिहिलं की मलाच वाचता येत नाही). तुझा गुडघा काय म्हणतो? इथे सगळं ठीक, म्हणजे उद्या अकरापर्यंत.

तुला माहितीये, शाळेकडचा लोखंडी पूल हलतो ही बातमी पेपरच्या मालकांनी छापूच दिली नाही, म्हणून काकांनी संपादकाची बावीस वर्षांची खुर्ची सोडली. आता पुढच्या खोलीत माहिती केंद्र. लोकांना सरकारी कागद मिळवून द्यायचे. दारावर पाटी: ‘इथे काहीही लपवलं जात नाही.’ (बाथरूमची कडीपण तुटलीये, पण ते तत्त्वात येत नाही.) मी असिस्टंट, फुल जोशात. पुलाच्या तपासणीची फाइल मागायची होती. काका बाहेर पडता पडता ओरडले, “नंबर एकोणसाठ!” मी साठ ऐकलं, एकोण म्हणजे नऊ धरलं, अर्जात नुसतं 69 टाइप केलं. इंग्लिश मीडियम गं, आत्या.

महिन्याने उत्तर आलं की मागितलेल्या फाइलचा जनहिताशी संबंध नाही. काका असे भडकले की विचारू नकोस. पूल जनहिताचा नाही? अपील ठोकलं, पत्रकं वाटली, उद्या अकराच्या सुनावणीला पेपरातले सगळे जुने लोक बोलावले, त्या मालकांनासुद्धा. आज मी वेळ कन्फर्म करायला ऑफिसात गेले, तर तिथला क्लार्क अगदी काळजीने म्हणाला, “तुमच्या काकांचं खुर्च्यांच्या गाद्यांशी काय वैर आहे हो?”

69 म्हणजे गाद्या. पुलाची फाइल कुणी मागितलेलीच नाही, आणि पोरं रोज त्याच पुलावरून शाळेत जातायत.

काका आत्ता आरशासमोर भाषण घोकतायत, “या फाइलमध्ये माणसांचे जीव आहेत.” मी सांगायला तीनदा आत गेले आणि तीनदा चहा हवाय का विचारून परत आले. तिन्ही कप टेबलावर गार होतायत.

तुझी भाची

ता. क. फोन कट झाला नव्हता, मी केला होता. काका आत आले. खरं काम हे, की तू त्यांची मोठी बहीण, पाढे तूच शिकवलेस. आजच फोन करून तूच सांग ना. त्यासाठीच पत्राचा फोटो पाठवतेय.

ता. क. दुसरा. घोळ झाला. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची प्रत जावक फाइलला लावायची, हा केंद्राचा नियम. सवयीने याचीपण लावली. काकांनी ती फाइल उघडलीये. भाषण थांबलंय. आता याला मी स्वतःहून सांगितलं म्हणायचं, की सापडले म्हणायचं? तुला काय वाटतं?