रांगेतला कोरा चेहरा

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची! सुजीत दोन वर्षांपासून दुबईजवळच्या अजमानला होता. आता मी आणि सहा वर्षांची शुभ्राही आलो. घर इतकं टापटीप की हा माझाच नवरा ना, अशी शंका आली. पुण्यात जुन्या भिंतींची डागडुजी करून हात झिजले. इथे उम्म अल कुवैनच्या वर्कशॉपमध्ये नवी भिंत जुनी दिसेल अशी करायची. एका रिसॉर्टसाठी मोन्तेसाल्वो नावाच्या, इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या गावातलं चर्च हुबेहूब उभं राहतंय.

६ नोव्हेंबर

गाव गमतीचं. माणसं तीनशे, चर्चं दोन! खालचं बाराव्या शतकातलं, ठेंगणं. वरचं, आम्ही करतोय ते, १३४८च्या प्लेगातून वाचलेल्यांनी बांधलेलं. त्याच्या भिंतीवर प्लेगात गेलेल्यांची रांग रंगवलीय : हातात हात धरून डोंगर चढतायत, वर चर्चचं दार. शेवटी एक मूल, उजवा हात पुढच्या बाईच्या हातात. त्याचा चेहरा कोरा. गिलावा उडाला असणार. गेलेला भाग भरून काढणं हे तर माझं कामच. नमुन्याला शुभ्राचा फोटो घेतला, गालावरच्या खळीसकट. माझं ड्रॉइंग मंजूर झालं आणि पेंटर फरदीनने संध्याकाळपर्यंत आमच्या भिंतीवर चेहरा रंगवलाही.

९ नोव्हेंबर

शुभ्रा उजवा हात वर धरून चालते. शाळेतलं काहीतरी खूळ असेल. हात खाली घे म्हटलं, तर म्हणाली, "मम्मा, द लेडी वोन्ट लेट गो."

११ नोव्हेंबर

सुपरवायझर खैरुद्दीनभाईंनी तिकडच्या चर्चचे कागद भाषांतर करून आणले. गिलावा उडालेला नव्हताच. गाव दरवर्षी तो चेहरा खरवडून कोरा करतं. ज्याचा चेहरा तिथे येईल तो रांगेत जातो, म्हणे. खैरुद्दीनभाई माझ्याकडे बघत नव्हते. मी हसले, मग आमच्या भिंतीकडे पाहिलं.

मूल शेवटी नव्हतं. चौघांच्या पुढे गेलं होतं.

१३ नोव्हेंबर

तो चेहरा मी स्वतः खरवडला. दुपारी चेहरा परत — खळीसकट. मूल आणि दार यांच्यामध्ये आता तीनच जण. शुभ्राला १०४ ताप. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत. सुजीतला सगळं सांगितलं, तो म्हणाला, तुला झोपेची गरज आहे. मला भयंकर भीती वाटतेय.

१४ नोव्हेंबर

आता मध्ये एकच जण. रांगेला कुणीतरी हवंच असेल, तर मी आहे. तिच्या चेहऱ्यावर माझा रंगवला.

१५ नोव्हेंबर

ताप उतरला! दोन्ही हातांनी वाटी धरून वरणभात खाल्ला तिने. मी ओक्साबोक्शी रडले.

हे डाव्या हाताने लिहितेय. उजवा वर गेलाय — कुणीतरी घट्ट —

फरदीनचा मेसेज : मॅडम, दीवार पर आपके पीछे एक बच्चे का फेस ब्लँक था. अप्रूव्ड ड्रॉइंग से भर दिया.

फरदीन फोन उचलत नाही — शुभ्रा माझ्या मागे येऊन उभी राहिलीय, उजवा हात वर — माझा डावा हात धरायला —

नको, बाळा, दूर हो, माझा हात ध