चालकाची दोन मतं

१२ एप्रिल

तंबू उभा करायला तास गेला! मुलगा सूचना देत होता, सून खुंट्या ठोकत होती, नात दोऱ्यांत पाय अडकवत होती. शेवटी हातोडी मीच घेतली. तंबू जरा वाकडा आहे, पण उभा आहे.

घरी परतल्यावर मुलाला उत्तर द्यायचंय — माझं घर विकून कायमची यांच्याकडे राहायला जायचं की नाही. गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो. मनातून मीही तयार आहे. रोज एकटीने कुलूप उघडून आत शिरायचा कंटाळा आलाय. हे कुणाला सांगणार नाही.

१३ एप्रिल

किल्ला पाहिला. तटबंदी उत्तम, स्वच्छता शून्य.

गाडीत मुलाचा नियम आहे: कुठे थांबायचं ते मतदानाने ठरवायचं, पण चालकाची दोन मतं! सुनेला धबधब्यापाशी थांबायचं होतं. मुलगा नको म्हणाला, मी त्याच्या बाजूने मत दिलं. उशीर मलाही खपत नाही. वेळेच्या बाबतीत पोरगा माझ्यावर गेलाय.

सून थोडी चालवेल का, म्हणजे दोन मतं तिला मिळतील, असं मी गमतीने विचारलं. तिला चालवायला आवडत नाही, मुलगाच म्हणाला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. लग्नाआधी हीच बाई रोज गाडी घेऊन कामाला जायची ना?

१४ एप्रिल

डोकं चालेनासं झालंय.

तळ्यावर भांडी घासताना सून हळूच म्हणाली, "आई, घर इतक्यात विकू नका."

का, विचारलं. तर घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला लागली.

म्हणजे मी नकोशी आहे. ठीक. तसं तोंडावर सांगावं! पण मग पहाटे माझ्या गुडघ्यासाठी पाणी कोणी तापवलं? वारा लागू नये म्हणून मला तंबूत आतली बाजू कोणी दिली? हिचं खरं कुठलं?

सूप खारट झालंय, असं मुद्दाम सुनावलं. झालंच होतं.

१५ एप्रिल

मुलाला सांगून टाकलं, तुझ्या बायकोला मी यायला नकोय. तो हसला. म्हणाला, तिचं काय मनावर घेतेस, आमच्याकडे ठरवतो मी. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१६ एप्रिल

वाटेत जुना राजवाडा लागला. सुनेला बघायचा होता, आणि आज नातही आईच्या बाजूला गेली. मुलाची दोन मतं न थांबता पुढे जायला. दोन-दोन झाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बघू या.

मुलाने गाडी थांबवली, पण उतरला नाही. आम्ही तिघी आत गेलो. महालात काय पाहिलं, विचारलं तर सांगता येणार नाही. सून सारखी मागे वळून गाडीकडे बघत होती. नातीने तिला विचारलं, "बाबा आता किती दिवस बोलणार नाहीत?"

सून म्हणाली, गप.

आणि तसंच झालं. संध्याकाळभर माझ्याशी गोड बोलला, चहासुद्धा आणून दिला. तिच्याशी शब्द नाही. तिने वाढलेलं ताट तसंच बाजूला सारलं. मत माझं, शिक्षा तिला? हे कुठलं गणित? विचारलं, तर म्हणाला, "तू यात पडू नकोस, आई."

इतक्या शांतपणे म्हणाला, की मी खरंच गप्प बसले. मी!

१७ एप्रिल

परतीचा रस्ता. मुलगा पेट्रोल भरत होता. सून पाण्याच्या बाटल्या घेऊन माझ्या खिडकीशी आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं घर राहिलं, तर आम्हा दोघींना यायला जागा राहील."

मी बाटली घेतली. झाकण उघडेना.

१९ एप्रिल

घर विकत नाही, असं मुलाला फोनवर कळवलं. एकटीला एवढं घर कशाला, म्हणाला. मी म्हटलं, एकटी नसणार आहे.