न्हाव्याची दाढी कोण करते

बाबा, तुमच्या वस्तरा पाजवायच्या पट्ट्याचं चामडं यंदाच्या उन्हाळ्यात तडकलं. अकोल्याचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, इथं माणसं तडकतात तिथं चामड्याची काय कथा. खिडकीच्या गजाला अडकवून ठेवला होता, तिथं तिरपं ऊन येतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुमच्या जावयांना दाखवला तर म्हणाले, फेकून दे, आता कोण वापरतं. मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. मग पट्टा मांडीवर घेऊन चोळत बसले, तुम्ही शिकवलं तसं, तेल न लावता नुसत्या तळहातानं, आणि चोळता चोळता तुमच्याशी बोलावंसं वाटलं. आपल्याला बोलायची सवय नव्हती, म्हणून लिहिते आहे.

दुकानात तुमचं तोंड बंद होत नसे आणि घरात ते उघडत नसे. शाळेत असताना आईचा निरोप घेऊन मी दुकानात यायचे तेव्हा तुम्ही कोणाच्या तरी गालाला फेस लावत कापसाचा भाव, भातकुलीच्या कोण्या सोयऱ्याची हरवलेली म्हैस, कौंडण्यपूरच्या जत्रेतली मारामारी असं काय काय सांगत असायचे. बाकावर बसलेली माणसं हसून हसून पडायची. मला पाहिलं की तुम्ही थांबायचे. ‘काय हाय?’ एवढंच. घरी जेवताना ‘मीठ’ म्हणायचे, की आईनं मीठ पुढं करायचं. मला वाटायचं, बाबाचे शब्द दुकानातच संपून जातात आणि आमच्या वाट्याला खरकटं येतं. आई गेली आणि तिचा दहावा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही दुकानाचं शटर वर केलं, तेव्हा तर मी मनाशी पक्कं केलं की या माणसाला काळीजच नाही. त्यानंतर मी सणावारी अमरावतीला यायचे, घर झाडून, पोळ्या करून परत अकोल्याला जायचे. मी एसटीत कंडक्टर असल्यामुळे येणं-जाणं सोपं होतं, तेवढंच. ‘आली का?’ ‘आली.’ ‘निघाली का?’ ‘निघाली.’ आपलं बोलणं एवढ्यात आटपायचं.

तुमच्या दुकानासमोर चाचांचं दुकान, तेही दाढी-कटिंगचंच. गिऱ्हाइकं पळवण्यावरून तुमची भांडणं व्हायची, आणि आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून तुम्ही दोघं एकमेकांची दाढी करायचे. आधी ते खुर्चीत बसायचे, मग तुम्ही. न्हाव्यानं स्वतःची दाढी स्वतः करायची नसते, हा तुमचा नेम. ‘आपल्या हातानं आपली दाढी करते थो गिऱ्हाईक झाला, न्हावी कायचा?’ परगावच्या लग्नात खुंटं घेऊन बसायचे, लोक हसायचे, पण स्वतःच्या गालावर वस्तरा ठेवला नाही. पुढं तुमचा उजवा हात थरथरायला लागला, दुकान बंद झालं, दुकानातली लाकडी खुर्ची घरी मागच्या पडवीत आली. चाचा तिथं येऊन तुमची दाढी करू लागले. आणि मग एका हिवाळ्यात चाचाही गेले.

त्या वर्षी मी अकोला-अमरावती गाडीवर होते. मूर्तिजापूर, बडनेरा करत दुपारी अमरावतीला पोचायचं आणि परतीच्या फेरीपर्यंत मधे मोकळा वेळ. पहिल्या दिवशी डबा घेऊन घरी आले तर ओट्यावर कोणी बुवा बसलेला. पांढरी दाढी छातीकडं निघालेली. जवळ येईपर्यंत मला तुम्ही ओळखू आला नाहीत. जन्मात तुम्हाला दाढीत पाहिलं नव्हतं.

‘बाबा, हे काय जंगल वाढवलं?’

‘चाचा गेला ना.’

‘मंग? चाचाचा पोरगा हाय की समोर.’

‘थो ब्लेडवाला हाय. त्याले वस्तरा धरता येते का?’

मला राग आला. माणूस मेल्यावर दुसऱ्यानं काय साधू होऊन बसायचं? म्हणाले, ‘मंग मी करून देऊ का?’ मी टोमणा मारला होता. तुम्ही वर पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणालात, ‘पह्यले पट्टा शिका लागन.’

मग झाली आपली शाळा सुरू. पट्टा खिडकीला अडकवून खालचं टोक डाव्या हातानं ताणून धरायचं, वस्तरा आडवा ठेवून पाठ पुढं करून न्यायचा, टोकाशी आला की पाठीवरून पलटायचा आणि परत. मी धारेवरून पलटायचे आणि चामड्याला चीर पडायची. तुम्ही डोळे मिटून बसलेले असायचे तरी तुम्हाला कळायचं. ‘चामडं कापून राहिली तू. आवाज आयक.’ मला कसलाच वेगळा आवाज ऐकू यायचा नाही. मी वैतागून म्हणायचे, माझं तिकिटाचं मशीन बरं, दाबलं की चालतं. कामानंतर वस्तरा पुसायचा, कोरडा करायचा, तेलाचं बोट फिरवायचं, मिटून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला हात लावायचा नाही, धारेला आराम पाहिजे. इतका आराम आईला तरी कधी मिळाला होता का, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

चेहऱ्याच्या आधी तुम्ही मला वांगं दिलं. चांगलं भरताचं, चकचकीत, मोठं वांगं. त्याला फेस फासायचा आणि वस्तऱ्यानं तो उतरवायचा, सालीला धक्का न लावता. साल कापली गेली की थोड्या वेळानं तिथं तपकिरी रेघ उमटते, खोटं बोलायची सोय नाही. माझं पहिलं वांगं पाहून तुम्ही म्हणालात, ‘याच्या घरी आता सांगा लागन का याले लागलं म्हणून.’ मी हसले. तुम्हीही हसलात. तुम्ही माझ्या कोण्या चुकीवर हसल्याचं मला तोवर आठवत नव्हतं. खराब झालेली वांगी धुवून, साबणाचा वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवून, मी त्यांची भाजी करायचे. तुम्ही ती मुकाट खायचे आणि भाजीला नाव ठेवायचे नाही.

मग एक दिवस तुम्ही स्वतः खुर्चीत बसलात आणि मान मागं टाकली. मी कात्रीनं जंगल उतरवलं, गरम पाण्याचा टॉवेल ठेवला, ब्रशनं फेस केला. ‘वस्तरा ठेव खाली,’ तुम्ही म्हणालात. ‘आधी डावा हात फिरव. केस कोणीकडे चालले ते पाह्य.’ बाबा, तुमच्या चेहऱ्याला मी तेव्हा पहिल्यांदा हात लावला. पाया पडायचे, औषधाची गोळी हातावर ठेवायचे, पण गालाला कधी नाही. डाव्या जबड्याखाली केसांचा एक भोवरा होता, तिथं केस उलटे फिरत होते, आणि हनुवटीखाली एक जुनी खोक होती जी मी कधी पाहिलीच नव्हती. विचारलं तर म्हणालात, ‘चाच्यानं केली. म्याच हासलो मधात.’ मी डाव्या हातानं कातडी ताणत उजव्यानं हलकेच खाली येत गेले. रक्त निघालं, तुरटी लागली, तुम्ही हूं की चूं केलं नाही. शेवटी गालावरून हात फिरवून म्हणालात, ‘अर्धी दाढी झाली. अर्धी पुढच्या खेपेले.’ सगळी झाली होती, पण ते तुमचं कौतुक होतं, हे मला गाडीत बसल्यावर समजलं.

त्यानंतर मी येत राहिले. आणि खुर्चीत बसल्यावर तुम्ही बोलू लागलात. इतकी वर्षं तुम्ही उभे राहून बोलायचे आणि लोक बसून ऐकायचे, आता तुम्ही बसले होते आणि वस्तरा माझ्या हातात होता, त्यानं काय फरक पडला देव जाणे. फेस लावला की तुमचे डोळे मिटायचे आणि शब्द निघायचे. तुमच्या वडिलांनी वस्तऱ्याच्या मुठीनं बोटांवर मारलं ते. परतवाड्याच्या बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसून केलेल्या दाढ्या. आणि एका दुपारी, मी न विचारता, आई.

‘तुही माय गेली तवा मी दुकानात गेलो, ते तुले आवडलं नाही.’

माझा वस्तरा तुमच्या गळ्याशी होता.

‘घरी रडू येत नव्हतं. जिकडं पाह्यलं तिकडं बाया बसलेल्या. दुकानात गेलो तर चाच्यानं शटर खाली घेतलं, मले खुर्चीत बसवलं अन् तोंडावर गरम टावेल ठेवला. दाढी काही केली नाही त्यानं. टावेल थंडा झाला की दुसरा ठेवे. मंग तिसरा. मी खाली रडून राहिलो अन् थो वरून टावेल बदलून राहिला. एक शब्द बोलला नाही.’

मी वस्तरा उचलला आणि पाणी बदलायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. ओट्याला धरून उभी राहिले. त्या माणसाला काळीज नाही म्हणत मी किती वर्षं काढली होती, बाबा. परत आले तेव्हा फेस वाळून गेला होता. तुम्ही म्हणालात, ‘वाळला. नवा लाव.’

तुम्ही गेलात तेव्हा माझी सुट्टी होती. फोन आला, मिळाली ती गाडी पकडली. ओळखीच्या कंडक्टरनं तिकीट फाडायच्या आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पुढची जागा रिकामी करून दिली. घरी पोचले तर अंघोळ घालायची तयारी चालली होती. आपल्यात न्हाव्याला खुंटं घेऊन पाठवत नाहीत, धंद्यातलाच कोणी तरी येऊन शेवटची दाढी करतो, म्हणून काकांनी चाचांच्या पोराला बोलावलं होतं. तो पेटी घेऊन अंगणात आला तेव्हा मी पडवीत पट्टा ओढत होते.

काका म्हणाले, ‘हे काय करून राहिली? पोरीच्या जातीनं बापाच्या मयताले वस्तरा लावते का कुठं? चार लोक काय म्हणतीन?’

‘काका, तुमी जरा मांगं सरका,’ मी म्हणाले. गाडीत म्हणते ना, तस्संच. सवयीनं काका सरकले. चाचांचं पोरगं मला मोठी बहीण मानून बाजी म्हणतं; त्यानं आपली पेटी खाली ठेवली, हात जोडून म्हणाला, ‘बाजीले करू द्या. त्यांचाच हक हाय.’

मी डावा हात फिरवला. गाल गार होता. कातडी ताणली की ती तशीच राहायची, परत यायची नाही, तेव्हा मला खरं कळलं. भोवऱ्यापाशी हात वळवला, हनुवटी केली, आणि वरच्या ओठापाशी आले. तिथं तुम्ही स्वतःच ओठ दातांवर ओढून घ्यायचे, मला कधी सांगावं लागलं नाही. मी वस्तरा धरून थांबले. तुम्ही ओठ ओढून घ्याल म्हणून थांबले, बाबा. सगळ्यांना वाटलं माझा हात घाबरला. कोणी तरी मागून म्हणालंही. मग चाचांचं पोरगं माझ्या शेजारी बसलं, त्यानं दोन बोटांनी तुमच्या नाकाचं टोक हलकेच वर धरलं, ओठ ताणला गेला. मी तेवढं पूर्ण केलं.

नंतर नळावर हात धुताना तो म्हणाला, ‘तुमच्या बाबाले आज पह्यल्यांदा हात लावला, बाजी. अब्बा गेले तवापासून रोज इचारत होतो, करून देऊ का म्हणून. म्हणत, नको बेटा, माही पोट्टी येते गाडीवर. तुमची खेप चुकली तर खुंटं खाजवत बसत, पण मले हात लावू देत नव्हते.’ त्याची पेटी उघडी होती. ब्लेडच्या पुड्यांशेजारी त्यात चाचांचा वस्तरा होता, नीट पाजवलेला, तेलाचं बोट फिरवलेला. त्याला सगळं येत होतं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी नंतर कोणाची दाढी केली नाही. जावई एकदा म्हणाले, माझी कर. मी हो म्हणून फेस लावला, डावा हात त्यांच्या गालावर ठेवला आणि काढून घेतला. त्यांनी निमूट उठून स्वतःची स्वतः केली. आता मी परतवाड्याच्या गाडीवर असते, अकोटवरून जाते ती, म्हणजे अमरावतीच्या स्टँडवर उतरावं लागत नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. तुम्हाला मी म्हटलं होतं की डेपोनं मला अमरावतीच्या गाडीवर टाकलं, माझा काही इलाज नाही, आलेच आहे तर दाढी करून जाते. दर खेपेला तेच म्हणायचे. डेपोनं टाकलं नव्हतं. मला घराजवळची सोपी फेरी होती. चाचा गेल्याचं कळलं त्या आठवड्यापासून महिनोन्‌महिने साहेबांच्या मागं लागून मी तुमच्याकडची फेरी मागून घेतली. तुम्ही फेसाखाली डोळे मिटून बसलेले असायचे, पडवीत दुसरं कोणी नसायचं, तुम्ही तर आईचंही सांगून टाकलंत. ‘बाबा, मी तुमाले पाहाले येते,’ एवढंच म्हणायचं होतं. मले लाज वाटली.