ट्रेलर कुणी जोडला होता?

ड्वेन,

पिकअप घेऊन मी आणि कॅरिन शेजारी आर्विडकाकांकडे गेलोय. काल तुझ्या बोटीने त्यांचं कुंपण आडवं केलं, ते उभं करायला. फ्रिजमध्ये वाइल्ड राइसचं सूप आहे, गरम करून घे. कुत्र्याला खायला घातलंय.

बोट अजून त्यांच्याच परसात पडली आहे. ती आणायला जाशील तेव्हा ट्रेलर गाडीला जोडून खटका बसला की त्यात खीळ घाल. दोन्ही साखळ्या एकमेकींवरून तिरक्या अडकव, म्हणजे ट्रेलर निसटला तरी गाडीला धरून राहील. आणि सगळं ओझं मागच्या टोकाला भरू नकोस. काल तळ्यावर मी हेच सांगत होते, तर म्हणालास, "मार्लिस, मला शिकवू नकोस." मग घराजवळच्या उतारावर ट्रेलर सुटला आणि काकांच्या परसात घुसला. आर्विडकाका तिथेच गाजरं उपटत होते. थोडक्यात वाचले बिचारे.

तेही मी गिळलं असतं. पण पोलीस आल्यावर तू खुशाल म्हणालास, "बायकोने जोडला होता, तिला काय कळतंय!" वर हसलास. मी काकांना सावरत होते, म्हणून तेव्हा तुझं म्हणणं खोडलं नाही. आज खोडेन. काकांना खरं काय ते सांगणार आहे. त्याआधी तू स्वतः येऊन सांगितलंस तर बरं.

सकाळी कॅरिनने मला विचारलं, "मम्मी, तू साखळ्या लावायला कशी विसरलीस?"

तिला उत्तर तू द्यायचं आहेस, माझ्यासमोर.

मार्लिस