वक्ता क्रमांक दोन

सोमवार, १२ जानेवारी

पुन्हा तेच! एका मुलीच्या आईचा फोन होता. उजव्या हातानं पत्ता लिहून घेत होते, म्हणून फोन डाव्या कानाला धरला. बोलणं एकदम बंद. मला वाटलं, फोन कट झाला. "हॅलो, हॅलो" करत बसले. उजवीकडे घेतला तर पलीकडे त्या बाई रडत होत्या! लेकीचा साखरपुडा मोडल्याचं सांगत होत्या म्हणे, आणि मध्येच माझं हॅलो-हॅलो. "तुम्ही गडबडीत दिसताय, नंतर करते," म्हणाल्या. कसली डोंबलाची गडबड! नंतर त्यांचा फोन आला नाही. येणारही नाही.

डॉक्टरांनी नोव्हेंबरातच सांगितलं होतं — डावा कान जवळजवळ गेलाय, उजवा त्याच वाटेवर आहे, यंत्र लावा. मी म्हटलं, विचार करते. अजून कुणाजवळ बोललेले नाही. वधूवर सूचक केंद्र चालवणाऱ्या बाईच्या कानात यंत्र दिसलं की संपलंच. आंधळ्याची लोकांना दया येते, बहिऱ्याचं हसू येतं. आणि माझं सगळं भांडवल म्हणजे कान! आमच्या धंद्यात तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. "कळवतो" म्हणतात. "पत्रिका बघतो" म्हणतात. त्यात होकार किती आणि टोलवाटोलवी किती, हे मला आवाजावरून कळायचं. आता शब्द पकडता पकडताच दमछाक होते, आवाजाकडे लक्ष कुठून देणार?

श्रीधरला तर मुळीच सांगायचं नाही. (तोंडावर 'अहो', इथे श्रीधर. वहीत कसला आलाय मान!) भाऊबीजेला त्याच्या बहिणीसमोर, भाचरांसमोर म्हणाला, "हिला आता कोण विचारतं? पोरं फोनवर जुळवतात. हिचं केंद्र म्हणजे नुसता विरंगुळा." सगळे हसले. मीही वाढता वाढता हसले, हा आणखी वेडेपणा. तेव्हापासून अबोला. धरला मी आधी, हे कबूल. पण आता तो सोडत नाही! मीठ द्या, दार लावा, एवढंच काय ते. कानाचं कळलं तर एकच वाक्य बोलेल — "मग आता बंद कर." आणि तेवढं मात्र मला नेमकं ऐकू येईल.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. श्रीधरनं हातावर तिळगूळ ठेवला आणि पाठ फिरवून गेला. 'गोड बोला'सुद्धा नाही. हट्टी माणूस!

गुरुवार, १५ जानेवारी

फोनवर जाहिरात बघितली. एवढंसं रेकॉर्डरचं यंत्र, आत एआय. मीटिंग असो की फोन, सगळं टिपून घेतं, लिहून देतं, कोण काय बोललं ते वेगळं दाखवतं, वर सारांश काढून देतं. मराठीसुद्धा येतं म्हणे! दुपारभर तेच डोक्यात. ऐकू येत नाही तर वाचू या की. कानात काही घालायला नको, कुणाला काही कळायला नको.

शनिवार, १७ जानेवारी

बुधवार पेठेत गेले. मैनुद्दीनभाईंचं दुकान — आमच्या लग्नातला टेपरेकॉर्डर त्यांच्याकडचाच. आता गल्ल्यावर मुलगा फैझल. तीन नमुने काढून ठेवले. "काकू, मीटिंग जास्त की कॉल?" म्हटलं, दोन्ही. "मग हा कॉलरला लावायचा नको. समोरासमोर एकदम भारी, पण फोनमधलं पलीकडचं त्याला ऐकू येत नाही." मनात म्हटलं, बिचारा! दुसरा पेनसारखा, चोरून टिपायला. त्याला हातही लावला नाही. तिसरा पत्त्याच्या पानासारखा, फोनच्या पाठीला चिकटतो, टेबलावर ठेवला तर बैठकही टिपतो.

मी काही बावळट नाही. तिथेच बोलून बघितलं — "मुलगी मनमिळाऊ, घरचं सगळं बघून नोकरी करते." अक्षर न् अक्षर बरोबर. मग विचारलं, "हे बोललेलं जातं कुठे?"

"कंपनीच्या सर्व्हरवर, काकू."

"म्हणजे कुणाच्या घरात?"

हसला लेकाचा. म्हणाला, डिलीट केलं की गेलं. माझं समाधान झालं नाही. माझ्याकडे लोक काय काय बोलून जातात! कुणाचा घटस्फोट, कुणाच्या धाकट्या भावाचं डोक्याचं दुखणं. माझ्या कानात शिरलं की ते तिथेच राहतं, म्हणून तर बोलतात. शेवटी ठरवलं — समोरच्याला विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही आणि काम झालं की पुसून टाकायचं.

"कशासाठी हवंय?" या प्रश्नावर मात्र खोटं बोलले. "वय झालं रे, लक्षात राहत नाही." विसराळू बाई चालते लोकांना.

निघताना फैझल म्हणाला, "नाही जमलं तर परत आणा. फक्त आतलं सगळं पुसून आणा."

रविवार, १८ जानेवारी

आज आपल्याच हॉलमध्ये पहिली बैठक. मुलगी स्पृहा, आपल्या यादीतली जुनीच, सोबत तिची आई विजयमालाबाई. मुलगा गंधार, सोबत वडील सुदर्शनराव. विचारलं, टेबलावर हे ठेवू का? सगळे "हो, ठेवा की" म्हणाले आणि जे ताठ बसले ते ताठच. गंधार रेडिओवर बातम्या दिल्यासारखा म्हणाला, "मला वाचनाची आवड आहे." स्पृहाला हसू आवरेना. नंतर हळूहळू सैल झाले.

ते गेल्यावर सगळं वाचलं. स्पृहा माझ्या डावीकडे बसली होती, तिचं निम्मं बोलणं मला तेव्हा कळलंच नव्हतं. नुसती मान हलवत होते. आता सगळं समोर! किती महिन्यांनी एका माणसाचा एकही शब्द निसटला नाही. डोळे भरून आले. म्हटलं, पद्मजाबाई, आणखी दहा वर्षं काढाल!

श्रीधर आतून डोकावला. यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, निघून गेला.

सोमवार, १९ जानेवारी

सुदर्शनरावांचा फोन. विचारलं, टिपू का? "टिपा, टिपा." उजव्या कानालाही आज नीट ऐकू येत नव्हतं, पण आता कशाला काळजी? ठेवल्यावर वाचलं. "मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे. योग असेल तर नक्की. शनिवारी कळवतो." खाली सारांश — "वरपक्ष अनुकूल. शनिवारी होकार कळवणार."

लगेच विजयमालाबाईंना फोन केला. "अनुकूल आहेत हो!" त्या इतक्या खूश झाल्या की मलाच लाजल्यासारखं झालं.

शनिवार, २४ जानेवारी

काय करून बसले मी!

सुदर्शनराव सकाळी चिडून. "अहो, मुलीकडून अभिनंदनाचे फोन यायला लागलेत. मी तर स्पष्टच म्हटलं होतं ना — योग असेल तर!" स्पष्ट म्हणे! पण खरंय त्यांचं. पुण्यात यापेक्षा स्पष्ट नकार कुणी देत नाही. मुलगी चांगली, घर चांगलं, योग असेल तर. तीनही वाक्यं एका दमात आली की स्थळ गेलं समजायचं, हे मीच नव्या पालकांना शिकवते! यंत्राला काय ठाऊक? त्यानं 'नक्की' वाचलं, शेजारी 'होकार' घातला. आणि मी डोळे मिटून पुढे ढकललं.

विजयमालाबाई दुपारी आल्या. ओरडल्या नाहीत. "मी नणंदेला, जावेला, सगळ्यांना सांगून बसले हो. आता स्पृहाला काय सांगू?" माफी मागितली. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

त्या गेल्यावर यंत्र टीपॉयवर आपटलं आणि तसंच सोडलं. आज पहिल्यांदा वाटलं, श्रीधर म्हणतो तेच खरं. बंद करावं.

रविवार, २५ जानेवारी

संध्याकाळी स्पृहा आली, एकटीच. मी हात जोडणार तर म्हणाली, "काकू, प्लीज. मला त्याच दिवशी कळलं होतं. तो गंधार माझ्यापेक्षा तुमच्या कुंड्यांकडे जास्त बघत होता." मग अगदी समोर येऊन म्हणाली, "पूर्वी तुम्ही फोन ठेवल्याठेवल्या सांगायचात — यांच्या आवाजात दम नाही, सोड. या वेळी तुम्ही वाचून सांगितलंत. का?"

पोरीनं नेमकं बोट ठेवलं. मी म्हटलं, "वय झालं." तिला ते पटलं नाही, चेहऱ्यावर दिसलं. जाताना म्हणाली, "माझं नाव काढू नका हं यादीतून. मला तुमच्याकडूनच जुळवायचंय."

शब्द कुणीही गोळा करील. माणूस काय म्हणतोय ते शब्दांत अर्धंच असतं, उरलेलं दम खाण्यात, हसण्यात, मध्येच खाकरण्यात. ते मला येत होतं. त्याचाच मला अभिमान होता. ते गेलं असेल तर यंत्र घेऊन मी कुणाला फसवतेय?

यंत्र परत करायचं. नक्की.

मंगळवार, २७ जानेवारी

परत द्यायचं म्हणून आतलं पुसायला बसले. बैठक पुसली, फोन पुसला. खाली आणखी एक रेकॉर्डिंग, भलंमोठं! शनिवारी टीपॉयवर आपटलं तेव्हा ते सुरूच झालं असावं. रविवार दुपारपर्यंतचं घरातलं सगळं त्यात. कुकरच्या शिट्ट्या, दाराची बेल, टीव्ही. विचारल्याशिवाय टिपायचं नाही हा माझाच नियम, म्हणून न वाचता पुसणार होते. पण नजर गेलीच.

रविवारी सकाळचं. आम्ही दोघं सोफ्यावर चहा घेतो तेव्हाचं. तो नेहमी माझ्या डावीकडे, तोंडासमोर पेपर. जसंच्या तसं उतरवून ठेवते —

वक्ता २ : रात्रभर तळमळत होतीस.

वक्ता २ : त्या बाईंचं मनाला लावून घेऊ नकोस. चूक कुणाची होत नाही?

वक्ता २ : केंद्र बंदबिंद करू नकोस हं. तू फोनवर बोलतेस तेव्हा मी आत बसून ऐकतो. घर भरल्यासारखं वाटतं.

वक्ता २ : भाऊबीजेला मी बोललो ते चुकलं माझं. चारचौघांत तर बोलायलाच नको होतं.

वक्ता १ : पेपरची पुरवणी द्या इकडे.

वक्ता २ : घे.

वक्ता २ : संध्याकाळी तळजाईला जाऊन येऊ का? बरं. उद्या बघू.

आणि खाली त्या मेल्या यंत्राचा सारांश : "वक्ता २ यांनी भाऊबीजेच्या वक्तव्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. वक्ता १ यांनी पुरवणी मागितली. फिरायला जाण्याचा निर्णय प्रलंबित."

हसू आणि रडू एकदमच आलं. पदर तोंडात धरून बसले. मग आवाज मोठा करून, फोन उजव्या कानाशी दाबून ऐकलं. बँकेत नोकरीला असताना अख्ख्या शाखेला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस! आणि हा आवाज किती हळू. 'चुकलं' म्हणण्याआधी एकदा अडखळलाय. यात काय होतं ते मला कळलं. माझं मला कळलं! कुणी सारांश द्यायला नको.

म्हणजे हा बोलतोय. कदाचित रोज बोलतोय. आणि मी पुरवणी मागतेय! त्याला वाटत असेल, बाई दगडाची आहे. अबोला त्यानं धरलेलाच नाही. सुरुवात माझी. पण पुढे तो माझ्या कानानं चालवला आणि मी कानाचं झाकून ठेवलं, कशासाठी तर लोक हसतील म्हणून! केवढा मूर्खपणा, पद्मजा!

उद्या सकाळी सांगून टाकायचं. बंद कर म्हणाला तर म्हणू दे. कानात यंत्र घालीन, फोनच्या पाठीला नको.

बुधवार, २८ जानेवारी

सांगितलं. डॉक्टर, रिपोर्ट, रेकॉर्डिंग ऐकलं तेही. श्रीधरनं पेपरची घडी केली, उठला, माझ्या उजवीकडे येऊन बसला.

"कानाचं मला कधीचंच माहीत आहे."

"मग रोज डावीकडून का बोलत होतात?"

"तू ऐकशील अशा बाजूनं बोलायचा धीर होत नव्हता."