पन्नासच्या आत

सोमवार, ४ तारीख

आज चौथी रात्र, डोळ्याला डोळा नाही. बाळ जागवतं म्हणून नाही. बाळ झोपतं. मीच जागी बसते — त्याने तोंड उघडायच्या आत त्याला उचलायला.

कारण दारावरचा कागद. शुक्रवारी चिकटवून गेले. आवाजाचा नवा कायदा आलाय. दिवसा पन्नास डेसिबल, रात्री चाळीस. त्याच्या वर आवाज गेला आणि कुणी तक्रार दिली की पहिला कागद येतो, तो हाच. मग दुसरा. तिसरा आला की चोवीस तासांत खोली खाली. नवरा ट्रक घेऊन गेलाय, अजून दहा दिवस यायचा नाही. चार महिन्यांचं पोर घेऊन मी जाऊ कुठे?

घरमालकाला फोन केला. म्हणाला, "कायदा आहे बाई, मी काय करणार? पोराला जरा आवर." आवर म्हणे. रेडिओ आहे का तो, कान पिळला की बंद?

तक्रार कुणी केली ते सांगत नाहीत. नाव झाकून ठेवतात. पण आहे कोण इथे? समोरच्या खोलीला दोन महिने कुलूप. खाली शिलाईवाली मावशी, तिला तर धड ऐकूच येत नाही. तिला जाऊन ओरडून विचारलं. ती हसत सुटली. "अगं, तुझा नवरा घोरला तरी मला मशीनच चालल्यासारखं वाटतं. मी कशाला तक्रार करू?"

मग कोण?

दादाचा फोन आला होता. "कशी आहेस?" मी म्हणाले, सगळं बरं आहे.

मंगळवार, ५

बाळाला लस टोचून आणली. सुई गेली तरी रडलं नाही. तोंड मोठं उघडलं, लालबुंद झालं, पण आवाज नाही. नर्स म्हणाली, "गुणाचं आहे हो तुमचं." हे गुण मी शिकवलेत त्याला.

दवाखान्यातून बाराला सुटले. दवाखाना कोपऱ्यावरच. घरी आले तेव्हा तीन वाजले होते. मधले तीन तास कुठे गेले कळत नाही. उन्हात बसले असेन कुठेतरी. पायाला ही धूळ.

बुधवार, ६

मशीनवाला आला. आवाजाच्या ऑफिसचा माणूस, साधा आहे, चपला दाराबाहेर काढून आला. फळीवर आवाज मोजायचा डबा ठेवला. त्यावर लाल आकडे. बाळ कण्हलं, ५८. मोठ्याने रडलं, ७१. मी शिंकले तर ६६. तो म्हणाला, "ताई, शिंकेचं धरत नाहीत. घाबरू नका." डबा शनिवारपर्यंत राहणार.

"नेहमीसारखं वागा," म्हणाला.

नेहमीसारखं म्हणजे कसं तेच विसरले. भांड्यांखाली फडकी घातली. बांगड्या काढून ठेवल्या. बाळाशी हाताने बोलते. दुपारी दोनला ते रडायला लागलं तेव्हा मोरीत नेलं आणि नळ सोडला, पाण्याच्या आवाजात लपेल म्हणून. बाहेर येऊन बघितलं तर डबा ७४ दाखवत होता. दोन्ही आवाज मिळून.

रात्री — कशाला लिहू. जागी.

गुरुवार, ७

दुसरा कागद आला.

बाळाला घेऊन ऑफिसात गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, तक्रारीची नक्कल बघायचा हक्क आहे तुमचा. नक्कल दिली, टाइप केलेली. नाव, पत्ता, सही, सगळ्यावर काळी पट्टी. वर फक्त "दुसरी तक्रार, अर्जदार तोच". खाली सात दिवसांचा तक्ता. वार, वेळ, कसला आवाज.

खिडकीपाशीच उभी राहून वाचत गेले.

"रविवार, दुपारी चार. मूल रडतं. बाई म्हणते गप, गप, गप."

"सोमवार, पहाटे. बाई मूल घेऊन फेऱ्या मारते. मूल झोपलेलं आहे."

झोपलेलं आहे हे भिंतीपलीकडून कसं कळलं?

"बुधवार, दुपारी दोन. बाई मोरीत नळ सोडते, रडणं झाकायला."

कारकुनाला विचारलं, कागद कधी आला? त्याने शिक्का दाखवला. मंगळवार. म्हणजे मी नळ सोडायच्या एक दिवस आधी. त्याला काही वाटलं नाही. म्हणाला, "तक्ता पूर्ण भरलेला लागतो, नाहीतर आम्ही घेत नाही. लोक पुढचे दिवसही अंदाजाने भरून टाकतात. चालवून घेतो आम्ही."

शेवटची ओळ शनिवारची. "सकाळी अकरा वीसला मूल रडतं. अकरा पस्तीसला गप्प. नंतर आवाज नाही. तक्रार मिटली."

शुक्रवार, ८

भिंतीतली सगळी भोकं कापसाने बुजवली. खाटेखाली बघितलं. कपाट ओढून मागे बघितलं. समोरच्या कुलपाला हात लावला, धूळ तशीच. कान लावला. आत काही नाही.

दुपारी बाळ झोपलं. मी खाटेवर बसले, हलले पण नाही. डबा ४३ दाखवत होता. रिकाम्या खोलीत तो ३१ दाखवतो, मशीनवाल्याने सांगितलं होतं. बारा आकडे कुणाचे? तशीच बघत राहिले. ४३. ४४. ४३.

मग समजलं, माझेच ओठ हलतायत. गप, गप, गप. किती वेळ म्हणत होते देव जाणे.

मशीनवाला तपासायला आला. त्याला हात जोडले, मूळ कागद दाखव, पट्टी नसलेला. उद्या तिसरा कागद आला तर मी रस्त्यावर येईन. तो म्हणाला, "माझी नोकरी जाईल ताई." मग बाळाकडे बघितलं. "बरं. उद्या डबा न्यायला येतो, तेव्हा बघू."

शनिवार, ९

त्याने कागद आणला. तक्रार करणाऱ्याचा पत्ता याच खोलीचा. सही माझी. अक्षर माझं. खाली दुसऱ्याच कारकुनाची टीप, "अर्जदार मंगळवारी समक्ष हजर, कडेवर मूल." तक्रार करणाऱ्याचा पत्ता झाकतात म्हणून तो माझ्या पत्त्याशी कुणी जुळवून बघितलाच नाही. तो हसला, "ताई, घाईत स्वतःचीच तक्रार केलीत की." मी पण हसले.

शनिवारची ओळ माझीच आहे. आता अकरा वाजून पाच झालेत. बाळ चुळबुळ करतंय. माझी उशी माझ्या मांडीवर आहे आणि ती मी कधी घेतली ते मला माहीत नाही.

तो वायर गुंडाळतोय. ही वही त्याच्या पिशवीत वरच ठेवतेय, उघडी. तोंडाने सांगता येत नाही. वाचाल तेव्हा बाळाला आधी माझ्याकडून घ्या. मग माझ्या भावाला फोन करा, नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर आहे. मी केला तर मी म्हणेन, सगळं बरं आहे. म्हणून तुम्ही करा.