लाल टोपणाची नळी

३ जून
लागली एकदाची नोकरी! प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही, पण खिडकी माझ्या टेबलाशेजारीच. गुडघ्यांची झीज एक्स-रेत दिसते तोवर फार उशीर झालेला असतो. त्याआधीच तिची चाहूल देणारं एखादं प्रथिन रक्तात सापडतं का, हे आम्ही शोधतो. आईला सांगितलं, तर म्हणाली की दहा वर्षांपूर्वी कुठे उलथली होतीस? बिचारी जिना बसत-बसत उतरते. तिच्यासाठी काही करता आलं तर याहून काय हवं!

इथले मदतनीस काका साठीचे, पण दोन-दोन पायऱ्या चढतात. कोपऱ्यात एक काठी उभी आहे. माझ्याआधी या टेबलावर त्यांची मुलगी होती, काठी तिची. जिन्यावरून पडून ती वारली, एवढंच ते बोलले. 

६ जून
इथली रीत अशी की नव्या माणसाने 'निरोगी' म्हणून स्वतःचं रक्त द्यायचं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना विचारून मी आईचंही घेतलं, 'रुग्ण' म्हणून. नळीवर नाव नसतं, फक्त नंबराची चिठ्ठी. फ्रीझरच्या तळच्या कप्प्यात नंबरानुसार डावीकडे निरोगी, उजवीकडे रुग्ण. एकदा ठेवलेली नळी जागा बदलत नाही. आईने स्वयंपाकघरात हात पुढे केला आणि म्हणाली, तुझ्यापेक्षा डास बरा, न विचारता नीट टोचतो. हसता-हसताच मी दोघींच्या नळ्यांना चिठ्ठ्या डकवल्या. तिच्या नळीला ओळखू यावी म्हणून लाल टोपण लावलं.

१९ जून
निकाल सुरेख! रुग्णांत प्रथिन भरपूर, निरोगी लोकांत नावालाही नाही. मॅडम खूश. पण नळ्या परत ठेवताना लाल टोपण डावीकडे दिसलं. म्हणजे हसण्याच्या नादात मी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. आईचं रक्त निरोगी लोकांत, माझं रुग्णांत.

मग आईच्या रक्तात प्रथिन का नाही? माझ्यात कुठून आलं? दोन्ही पुन्हा तपासली. तेच. रक्ताने चिठ्ठीचं ऐकलं. मॅडमना सांगायला हवं होतं, पण नवी नोकरी, तोंड उघडेना.

२५ जून
आई आज जिना उभ्याने उतरली. खाली पोचून लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होती. मला रडू आलं. चढताना माझा उजवा गुडघा कटकन वाजला.

२ जुलै
आता दोन्ही वाजतात. फ्रीझर उघडला की आतूनही तसाच आवाज येतो. बर्फ तडकत असेल. दुपारी जिन्यावर काठी टेकल्याचा आवाज आला, तेव्हा जिना रिकामा होता. काठी कोपऱ्यात नव्हती. माझ्या खुर्चीला टेकून उभी होती.

८ जुलै
काठी वापरते आहे. आई पहाटे फिरायला जाते. तिला मी पाय मुरगळल्याचं सांगितलंय.

११ जुलै
काकांना सगळं सांगितलं. माझ्याने वाकवत नाही, तेवढ्या दोन चिठ्ठ्या बदला म्हटलं. त्यांनी काठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, माझ्या लेकीनेही हेच मागितलं होतं. माझे गुडघे तेव्हा नुकतेच बरे झाले होते, पोरी.
त्यांनी तेव्हा वाकायचं टाळलं. आजही—

१२ जुलै
फ्रीझरसमोर स्टुलावर बसलेय. कप्पा हातभर खाली. गुडघे वाकत नाहीत. एकदा प्रयत्न केला, पडले, काठीने उठवलं. मी धरली नव्हती तिला—

जिन्यावर पावलं. दोन-दोन पायऱ्या. काका नाहीत, ते समोरच उभे आहेत, भिंतीकडे तोंड करून.

आईच. मी डबा विसरले होते, तोच घेऊन आली असेल. गाणं गुणगुणतेय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा—

काका वाकणार नाहीत, आता वाकू शकेल अशी ती एकटीच. सांगितलं तर ती ऐकेल. ऐकेल ना? काठी दाराकडे सरकतेय, तिलाही बघायचंय आई काय—

दारात आली. हसतेय. आई, जरा खाली वाकून ते लाल टोपण—